जूनची पहिली तारीख

माझा पोरगा लढाईत मेला. मी मेला म्हणतो. लोकांना ते आवडत नाही. शहीद म्हणा, वीरमरण आलं म्हणा, अमर झाला म्हणा, असं माझ्याच ओटीवर बसून मला शिकवून जातात. आमच्यात माणूस मेला की मेला म्हणतात, आणि म्हणताना तोंड कडू होतं. ते दुसरे शब्द बोलून कुणाचं तोंड कडू होत नाही, म्हणून ते सोपे जातात.

कळंबकडून येणारा रस्ता आमच्या गावात वळतो तिथं त्याचं स्मारक आहे. चौथरा, वर अर्धा पुतळा, खाली काळा दगड. पुतळ्याची मिशी त्याची नाही. घडवणाऱ्यानं त्याला बघितलेलाच नव्हता, त्याच्याशी काय भांडू. दगडावर आधी पुढाऱ्याचं नाव, मग सरपंचाचं, मग माझ्या पोराचं. तेही सोडलं. पण त्याच्या नावाखाली कोरलंय, जन्म एक जून. ते खोटं आहे. आणि ते खोटं माझ्यामुळं लिहिलं गेलं, म्हणून ते मला सोडता येत नाही.

तो गवरीच्या दिवशी झाला. भादव्यात गवर घरात येते त्या दिवशी, दुपार कलल्यावर.

तेव्हा खालचा बांध आमचा होता आणि बांधावर गुडघ्याएवढा तेरडा यायचा. आमच्याकडे गवर म्हणजे तेरडाच. बायका तो मुळासकट उपटतात, धुतात, सुपात घालून घरी आणतात. ही, म्हणजे माझी बायको, नऊ महिन्यांचं पोट घेऊन तेरडा काढायला निघाली. मी म्हटलं, "बस की गप घरात." ती म्हणाली, "मग गवर काय तुमी आननार?" बांधावरच कळा सुरू झाल्या. शेजारच्या वयनीनं तिला धरून घरी आणली, सुईणीला हाक मारली, आणि गवरीचं सूप राहिलं उंबऱ्याबाहेर.

गवर आत घ्यायची आमच्यात एक रीत आहे. सूप घेतलेली बाई उंबऱ्यावर थांबून ओरडते, "गवर आली." घरातली बाई विचारते, "कशाच्या पावलानं?" ती म्हणते, "सोन्याच्या पावलानं." मग पुढची खोली, परत तेच, दाण्याच्या पावलानं, दुधाच्या पावलानं. त्या दिवशी वयनी सूप घेऊन उभी राहिली, ओरडली, पण आतून विचारणार कोण? घरातली बाई तिकडं ओरडत पडलेली. मी ओटीवर बसलेलो. बाप्यानं विचारायची रीत नाही, पण गवर किती वेळ बाहेर ठेवायची? मीच विचारलं. तेवढ्यात आत पोर रडलं. वयनी म्हणाली, "पोराच्या पावलानं!" आणि हसतहसत सूप घेऊन आत गेली.

हे असं झालं. एवढं कुठल्या कागदावर नाही.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा त्याला मी घेऊन गेलो. खोपोलीच्या कारखान्यात ठेकेदाराकडं होतो, पाळी गाठायची घाई. मास्तरांनी विचारलं, "जन्मतारीख?"

"गवरीतला हाय."

"गवर काय दर वर्षी त्याच तारखेला येते? साल, महिना, तारीख सांगा."

"आता कंची तारीख व्हती, मला काय ठावं?"

"घरी विचारून या."

घरी म्हणजे दोन मैल मागं. मी म्हटलं, "लिवा वो तुमाला वाटंल ते. सहाचा हाय बगा." सातवं सरत आलेलं, पण मी सहा म्हटलं. मोजलं कुणी होतं? मास्तरांनी सहा वर्षं मागं मोजली आणि टाकली जूनची पहिली तारीख. माझी स्वतःची जन्मतारीखही तीच आहे. आमच्या वयाच्या निम्म्या गावाची तीच आहे. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून आम्ही सगळे जूनमध्ये जन्मलो.

हिला कळलं तेव्हा तिनं हातातली परात आपटली. "पोटातनं काडला मी, नि तारीख मास्तर ठरवनार व्हय? नि तुमी खांबासारखे हुबे ऱ्हायलात?"

"काय फरक पडतो गं? कागदच तो."

कागदावरचा वाढदिवस तिनं कधी धरला नाही. गवर आली की तिच्यापुढंच त्याला पाटावर बसवायची, आधी गवरीला ओवाळायची, मग त्याला. दुसऱ्या दिवशी गवरीला तिखटाचा नैवेद्य, शेतातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा. त्यातली मोठी नांगी त्याची. यावरून मी कधी बोललो तर म्हणायची, "तुमचा जूनमदी हाय ना? मग बसा जूनपोत्तर."

पोरगा तसा हुशार वगैरे नव्हता. मेल्यावर भाषणात सगळे हुशार होतात. दहावीला एकदा बसला, पुन्हा बसला, तेव्हा सुटला. मारामाऱ्या करायचा. उलट बोलायचा. पण वायरीचं त्याला वेड होतं. कुणाची बत्ती गेली की हा पक्कड घेऊन हजर. एकदा आमच्याच घराची बत्ती घालवली आणि दोन दिवस आणली नाही. मी शिव्या दिल्या तर म्हणाला, "बाबा, अंधारात तुमी जरा कमी ओरडता."

भरतीला तीनदा गेला. पहिल्यांदा दौडीत मागं पडला, दुसऱ्यांदा मेडिकलला कान साफ नाही म्हणून काढला. तिसऱ्यांदा मळणी उरकल्यावर निघाला. शेवटचीच खेप होती, पुढं वय बसत नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी चुलीपुढं बसून त्यानं हिला विचारलं, "आये, मी खरा कदीचा गं?" हिनं बोटं मोजून साल सांगितलं. तो शाळेचा दाखला बघत हसायला लागला. "मास्तरांनी मला नऊ महिने फुकट दिलेत. बाबा, तुमच्या घाईनं माझं काम झालं बगा!"

मीही हसलो. छाती फुगली माझी. ही हसली नाही, एवढं मला आठवतं. का हसली नाही ते मी विचारलं नाही.

घेतला त्याला. पलटणीत वायरीचंच काम मिळालं. एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत फोनची वायर ओढायची, तुटली की जोडायची. सुट्टीवर आला की हिला सांगायचा, "आये, हितं चिखलात नि तितं बर्फात, काम तेच. वाकायचं नि वायर धरायची." बायको बघ म्हणून ही मागं लागायची. तो म्हणायचा, "पयली पक्कड धरता येनारी बग." गवरीला त्याला एकदाच सुट्टी मिळाली, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. तेव्हा हिनं त्याला मिशीसकट पाटावर बसवला. मोठी नांगी तेव्हाही त्यालाच.

मग लढाई लागली. आम्ही टीव्हीसमोर बसायचो, आणि टीव्हीवरचे लोक असे खूश होते की कुणाचं लग्न आहे असं वाटावं. हिनं टीव्हीवर चादर टाकली. चौथ्या दिवशी फोन आला. पुढं काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, कारण सगळं गाव मोबाईल वर धरून उभं होतं. पेटी उघडायची नाही असं साहेबांनी सांगितलं. ही म्हणाली, "तोंड नको. नुसता हात दावा." हातही दाखवला नाही. साहेब वाईट नव्हता, डोळे त्याचेही लाल होते, पण हात दाखवला नाही हे मी लिहून ठेवतो.

त्याच्या बरोबरचा एक जवान महिन्यानं घरी आला. त्यानं सांगितलं ते एकच मला कामाचं वाटलं. गोळे पडत होते, वायर तुटली, हा जोडायला गेला. जोडून परत येताना पडला. जवान म्हणाला, "बाबा, लाइन चालू झाली होती." हिनं त्याला दोनदा विचारलं, "झाली ना रं चालू? नक्की?"

स्मारक झालं ते पुढाऱ्यानं केलं. माझ्याकडून दाखला नेला, दगडावर तारीख घातली, आणि जूनच्या पहिल्या तारखेला जयंती लावली. मांडव, भोंगा, फ्लेक्स. फ्लेक्सवर पुढारी हात जोडून आणि माझा पोरगा त्याच्या खांद्यामागं, डोळ्यातल्या मोतीबिंदूएवढा. भाषणात पुढारी म्हणाला, "योगायोग बघा बंधूंनो! माझा आणि शहीदाचा जन्मदिवस एकच. भारतमातेनं आम्हा दोघांना एकाच दिवशी..." आणि पोरांनी केक आणला. माझ्या पोराच्या दगडासमोर केक. ही माझ्याशेजारी खुर्चीवर बसलेली, पदर तोंडात कोंबून.

मी उठलो. मला भोंगा लागत नाही. म्हटलं, "पुढारी, योगायोग कसला? तुमचा मास्तर नि त्याचा मास्तर एकाच जातीचे आळशी. माझाबी आजच हाय. ह्ये सरपंच, तुमचा?"

सरपंच गडबडीत म्हणाला, "आजचाच, बाबा."

"खाली बसलेत त्यातले निम्मे आजचेच. कापा केक. सगळ्यांनाच द्या. ज्याचा नाय त्याला सोडून."

लोक हसले. पुढारीही हसला. मग भोंग्यात म्हणाला, "बाबा दुःखात आहेत. आपण समजून घेऊ." झालं. त्या दिवसापासून मी काहीही बोललो तरी बाबा दुःखात आहेत. हे एक चांगलं बूच आहे, माणसाच्या तोंडात मारायला.

दुसऱ्या जूनलाही तेच. तिसरा जून हिनं बघितला नाही. थंडीत छातीत पाणी झालं, कर्जतला दवाखान्यात ठेवली. मी शेजारी बसून तिला मोसंबी सोलून देत होतो. खात नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या दगडावरची तारीख खोडा. खरा दीस लिवा."

"बरी हो आदी. मग बगू."

"बगू नाय. तुमी लिवलंत, तुमीच खोडा." मग डोळे मिटून म्हणाली, "मी गेल्यावर तो कदी झाला ते ठावं असनारं कोन हाय गावात? तुमी नि तुमची घाई."

तेच शेवटचं भांडण. दुसऱ्या सकाळी ती मेली.

हिचे तेरा दिवस झाल्यावर मी सरपंचाकडे गेलो. तो म्हणाला दाखल्याप्रमाणं आहे. शाळेत गेलो, आताच्या मोठ्या बाई म्हणाल्या जुन्या नोंदीला हात लावता येत नाही. कुंभिवलीला हायवेवर दगड कोरणारा बसतो, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला पंचायतीचं पत्र आणा. म्हणून मी घरची छिन्नी-हातोडी घेतली आणि भर सकाळी चौथऱ्यावर चढलो. दोन ठोके मारले. तारखेतल्या एकाचा टवका उडाला, तो अजून दिसतो.

बाजूच्या वाडीतला एक रिटायर हवालदार स्कूटरवरून चाललेला. माझ्या पोराला भरतीसाठी पळायला त्यानंच शिकवलेलं. त्यानं स्कूटर थांबवली.

"बाबा, काय चाललंय?"

"खोटं खोडतोय."

"नि लिवनार काय?"

मी सांगितलं. साल, गवरीचा दिवस, सगळं. तो चौथऱ्याच्या पायरीवर बसला आणि बोटांवर मोजायला लागला. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी म्हटलं, "काय झालं रं?"

"बाबा, ही तारीख खरी धरली तर भरतीच्या दिवशी तो तीन महिने वर व्हता. बसत नव्हता वयात." मग हळू म्हणाला, "ह्ये दगडावर लिवलंत की उद्या कुनीतरी फोटो काडंल. शहीद खोट्या वयावर घुसला म्हनून मोबाईलवर फिरवतील. मेलेल्या मानसाला जबाब देता येत नाय."

मला पहिल्यांदा त्याचाच राग आला. हातोडी त्याच्यावरच उगारली असती. मग समजलं, आणि हातोडी खाली ठेवली. खरी तारीख असती तर त्याला भरतीच्या मैदानातूनच परत पाठवला असता. तो खोपोलीत कुठंतरी पक्कड घेऊन खांबावर असता. संध्याकाळी येऊन माझ्याशी उलट बोलला असता. ते नऊ महिने मास्तरांनी फुकट दिले नव्हते. मी दिले, दोन मैल मागं चालायचा कंटाळा केला म्हणून. आणि हे हिला चुलीपुढं बोटं मोजली तेव्हाच कळलं असणार, किंवा फोन आला त्या दिवशी. मला तिनं ते कधी तोंडावर म्हटलं नाही. भाताला मीठ कमी पडलं तरी बोलणारी बाई. हे नाही बोलली.

हवालदार म्हणाला, "त्याला ठावं व्हतं का?"

"ठावं व्हतं. हसला व्हता."

"मग त्याला जायचंच व्हतं, बाबा."

लोक असं बोलतात ते मला बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटलं नाही. छिन्नी पिशवीत घातली आणि घरी आलो.

हिचं काम मात्र डोक्यावर राहिलं. लिहिता येत नाही आणि खोडता येत नाही. खालचा बांध आम्ही पूर्वीच विकलेला, त्यावर आता कुणाचं तरी फार्महाऊस आहे, भिंतीवर काचा लावलेल्या. तेव्हापासून हिनं गवरीपुरता तेरडा घराच्या परसात लावला होता. पाऊस लागल्यावर परसात गेलो तर हिच्या हातच्या तेरड्याचं बी पडून गालिच्यासारखी रोपं उगवलेली. भाताच्या रोपांचं आवण काढतो तशी मी ती मुठीमुठीनं काढली आणि चौथऱ्याच्या चारी बाजूंनी लावणी केली. ओळीत, वीतवीतभर अंतरानं. जयंतीचा मांडव तेव्हा नुकताच निघालेला. तिथं केकचा पुठ्ठा पडलेला, तो उचलून सरपंचाच्या दारात टाकला.

पंधरा ऑगस्टच्या आधी पंचायतीचे दोघे फावडं घेऊन साफसफाईला आले. मी आधीच पायरीवर बसलो होतो, मांडीवर कोयता.

"बाबा, गवत काडायचंय. उद्या झेंडा हाय."

"ह्याला गवत म्हनतोस? हात लावून बग."

"सरपंचांनी सांगितलंय."

"मग सरपंचाला पाटव. त्याला सांग, बाबा दुःखात हायेत."

सरपंच आला नाही. झेंड्याच्या दिवशी सगळे तेरड्याच्या बाहेरून उभे राहिले. पुढाऱ्याचा बूट एका रोपावर पडला, मी कोयत्यानं नुसता तो बूट दाखवला, त्यानं पाय मागं घेतला.

मग गवर आली. दुपारी मी तिथं बसलेलो. चौथऱ्याभोवती गुलाबी, पांढरा, जांभळा, कमरेखाली येईल एवढा तेरडा फुललेला. मी मनात म्हणत होतो, घे, लिहिला. वाचता येणारं कुणी नाही, पण लिहिला. तेवढ्यात पाचसहा बायका सुपं घेऊन रस्त्यानं आल्या. सगळे बांध भिंतींच्या आत गेलेत, बाहेर तेरडा राहिलाय कुठं? मला बघून घुटमळल्या. माझं तोंड गावाला ठाऊक आहे. एक सून घाबरत म्हणाली, "बाबा, ह्यातला घेऊ का?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. "त्यांना काय इचारतेस गं? घे."

वयनी होती. गेली कैक वर्षं लेकीकडं खोपोलीत असते, पाठीत वाकलेली. गवरीला घरी आली होती. मी तिला विसरूनच गेलो होतो. खोपोली काय लांब आहे? पण विसरलो होतो.

ती काठी टेकत चौथऱ्यापाशी आली. दगड वाचता येत नाही तिला. सुनांना म्हणाली, "ह्या पोराचा आज वाडदिवस. मीच गवर आत घेतलेली त्या दिशी. ह्येच भावजी आतनं इचारत व्हते, कशाच्या पावलानं. बाप्या असून!" बायका हसल्या.

मला राग आला. "वयनी, येवडं ठावं व्हतं तर इतकी वर्षं बोलली का नाय? तितं केक कापत व्हते, तवा कुटं गेलेली?"

"मला कुनी इचारलं? पोरगा गेला तवा आले, तर तुमी ओटीवरनं उटला नाय. बायको गेली तवाबी नाय बोललात. तुमी नुसते भांडता, भावजी. भांडनाराला कोन काय सांगंल?"

बायका वाकून तेरडा काढायला लागल्या. एक एक सूप भरत होतं. जी ती उपटताना वयनीला विचारत होती, कुठल्या वेळेला झाला, सुईण कोण होती, आणि वयनी सगळं सांगत होती, मला ठाऊक नव्हतं तेही. आत ही मला शिव्या देत होती म्हणे, कळा देताना. मी ओटीवर होतो, मला ते तेव्हा ऐकू आलं नव्हतं.

दगडावर अजून एक जूनच आहे. टवका उडालेला, पण वाचता येतं.

सूप भरल्यावर वयनीनं ते डोक्यावर घेतलं आणि जाताजाता माझ्याकडं तोंड करून ओरडली, "गवर आली!" सगळ्या बायका थांबल्या. माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

मी विचारलं.

वयनीनं त्या दिवशीचंच उत्तर दिलं, आणि त्या गेल्या. मी मागून ओरडलो, "सगळं उपटू नका. पुडच्या वर्साला बी ऱ्हायला पायजे."